ओल्या फडक्याचं रीडिंग

ही गोष्ट माझ्या मामेबहिणीची आहे. सुलक्षणाची.

तिनं ती मला एकदाच सांगितली, आणि सांगता सांगता तीन वेळा उठून मोरीत थुंकून आली. म्हणून मी ती खरी मानते. एवढं नाटक तिला जमत नाही.

गावाचं नाव लिहिणार नाही. तिथं माणसं राहतात. चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याला, एवढंच समजा. दिवस मात्र पक्का आहे. एकवीस मे दोन हजार चोवीस, मंगळवार.

आणि रात्र नव्हती...

भर दुपार होती.

सुलक्षणा मूळची पाचोऱ्याची. जळगावला खोली घेऊन हवामानावर पीएच.डी. करत होती. प्रश्न तिचा साधा होता. तापीकाठी केळीच्या बागा वाढल्या, ठिबक आलं, मग आपला उन्हाळा पूर्वीइतकाच कोरडा राहिला की हळूहळू दमट होत चालला? दमट उन्हात घाम वाळत नाही, आणि घाम वाळला नाही की माणूस आतून शिजतो. तेवढ्यासाठी तिला तीस वर्षांची रोजची मोजमापं हवी होती. ती सलग मिळाली एकाच ठिकाणी, त्या गावाबाहेरच्या जुन्या शेती फार्मवर.

तिथं चार पायांवर उभी अशी झडपांची पांढरी लाकडी पेटी होती. आत दोन थर्मामीटर. एक कोरडा. दुसऱ्याच्या टोकाला मलमलीचं फडकं गुंडाळलेलं, त्याचं शेपूट खाली पाण्याच्या डबीत. फडक्यातलं पाणी वाळतं तसा तो थर्मामीटर गार होतो, जसा आपला माठ होतो. म्हणून ओल्याचा आकडा कोरड्यापेक्षा नेहमी कमीच. फार तर सारखा. जास्त कधीच नाही.

तिथलं रीडिंग एकतीस वर्षं गावातल्या झुलाल आबांनी घेतलं होतं. सकाळी साडेआठ, संध्याकाळी साडेपाच. एक दिवस खाडा नाही. दोन हजार तेवीसच्या मेमध्ये आबा गेले, आणि फार्मचे राखणदार पंडितभाऊ रीडिंग घ्यायला लागले. रजिस्टरच्या वर्षभराच्या पानांचे फोटो त्यांनी सुलक्षणाला फोनवर एकदमच पाठवले.

आबांची पानं मोत्यासारखी. पंडितभाऊंची अक्षरं वाकडी, पण आकडे स्पष्ट.

ओल्या थर्मामीटरचा रकाना तिनं पाहिला...

सदतीस.

खाली सदतीस. पुढच्या पानावर सदतीस. मेमध्ये सदतीस, श्रावणात सदतीस. जानेवारीच्या सकाळी कोरडा अकरा अंश, आणि ओला सदतीस.

तिनं फोन केला. पंडितभाऊ शांतपणे म्हणाले, "मॅडम, जे दिसतं ते लिहितो."

गाइड म्हणाले, थर्मामीटर बिघडला असणार, जाऊन बघून या. म्हणून ती गेली. सोबत दोन नवे थर्मामीटर, उकळून वाळवलेली मलमल, आणि बॅटरीत घालतात त्या डिस्टिल्ड पाण्याची बाटली.

चोपड्याच्या स्टँडवरून पंडितभाऊंनी तिला मोटरसायकलवर घेतलं. पोचायला एक वाजला. चव्वेचाळीस अंश ऊन. आजूबाजूला कपाशीसाठी नांगरून ठेवलेली काळी शेतं, आणि मधोमध ती पेटी. पक्ष्याचा आवाज नाही. वारा होता, पण भट्टीच्या तोंडातून यावा तसा.

दहा पावलांवर पंडितभाऊ थांबले. त्यांनी रुमाल नाकाला बांधला.

सुलक्षणानं पेटीचं दार उघडलं.

आणि वास आला...

मेलेल्या उंदराचा नव्हे. तोंडाचा. आजारी माणसाच्या, कित्येक दिवस न धुतलेल्या तोंडाचा. त्यात तंबाखू आणि चुना.

डबी कोरडी होती, तळाला नुसती धूळ. तरी फडकं ओलं होतं. पिवळं-तपकिरी, फुगलेलं, बुळबुळीत. त्याच्या टोकाला एक जाड थेंब लोंबत होता, पडत नव्हता.

आकडा सदतीस.

शास्त्राची मुलगी ती. मनात म्हणाली, बुरशी असेल. चिमटा आणला नव्हता. तिनं दोन बोटांत ते फडकं धरलं आणि ओढलं. ते गरम होतं, अंगासारखं; सदतीस म्हणजे माणसाच्या अंगाचंच तापमान. निघताना त्याच्यामागे शेंबडासारखी लांब तार आली आणि तिच्या मनगटावर चिकटली.

ती तिथंच ओकली.

पाऊण बाटली पाण्यानं हात धुतला, मातीनं घासला. मग थर्मामीटर पुसून काढला, नवा बसवला, नवी मलमल गुंडाळली, डबी काठोकाठ भरली. पंधरा मिनिटांत पारा उतरला. तेवीस पॉइंट चार. मेच्या दुपारी असायला हवा तेवढाच.

तिला हायसं वाटलं. दोघं निंबाखाली बसले. पंडितभाऊंनी कळण्याची भाकरी आणि ठेचा पुढं केला, पण तिला घास जाईना. बोटांचा वास येत होता.

अर्ध्या तासानं ती बघायला गेली.

डबी काठोकाठ भरलेली. एक थेंब कमी नाही.

आणि नवी, पांढरी मलमल... चघळलेली.

दातांनी चावून चोथा केलेला उसाचा तुकडा दिसतो, तशी. तंबाखूच्या रंगाची. थुंकीनं लडबडलेली.

सदतीस.

तिला पहिला संशय पंडितभाऊंचाच आला. तिनं तसं तोंडावर विचारलं. ते रागावले नाहीत. रुमाल खाली करून त्यांनी तोंड उघडून दाखवलं. दात स्वच्छ होते. आयुष्यात तंबाखू खाल्ली नाही म्हणाले. आणि मी तुमच्यासमोरच बसलो होतो ना, असंही म्हणाले. ते खरं होतं.

मग तिनं तिसरं फडकं लावलं. बॅगेचं छोटं कुलूप काढून पेटीच्या कडीला घातलं, किल्ली मुठीत धरली आणि ओढणी डोक्यावर घेऊन पेटीसमोर, पाच हातांवर, उन्हात बसली.

अडीच वाजले होते.

दहा मिनिटं काही नाही. तापून लाकूड तडकल्याचा एक आवाज, बस.

मग वारा पडला.

आणि पेटीतून...

चुक्.

थोड्या वेळानं पुन्हा. चुक्... चुक्... चुक्.

लहान मूल चोखणी चोखतं तसा. फक्त हे मूल नव्हतं. मध्येच घशात घरघर होत होती, कफ भरलेल्या म्हाताऱ्या माणसाची. चोखणं घाईचं होतं. अधाशी. मिळत नाही म्हणून आणखी जोरात.

ती उठली. तिनं कुलूप काढलं आणि दार ओढलं.

आवाज थांबला.

आत कुणी नव्हतं. फडक्यावर मात्र दातांची कोर उमटलेली. वरची ठळक, खालच्या ओळीत दोन दातांच्या जागी फटी. कोरड्या थर्मामीटरच्या काचेवर वाफेचे थेंब. त्या हवेत थेंब क्षणभर टिकत नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. आणि तिच्या डोळ्यांदेखत पारा उतरायला लागला. सदतीस... छत्तीस... साडेचौतीस.

तोंडातून नुकताच कुणीतरी सोडल्यासारखा.

पंडितभाऊ लांबूनच म्हणाले, आता अक्कांकडे चला.

अक्का म्हणजे यशोदाबाई, आबांची बायको. गावात एकट्या राहायच्या. सत्तरीच्या, काटक. त्यांनी सुलक्षणाचं सगळं ऐकून घेतलं. चकित झाल्या नाहीत. मग त्यांनी सांगितलं.

उन्हाळ्यात फार्मची बोअर आटायची. गावातून पाणी न्यायचं तर दोन मैल. आबांना रीडिंग चुकवायचं नसायचं. तेव्हा ते डबी कोरडी पडली की फडक्याचं टोक तोंडात धरून ओलं करायचे, घड्याळ लावून दहा मिनिटं थांबायचे आणि मग आकडा लिहायचे. तंबाखूच्या तोंडानं. वर्षानुवर्षं.

तीन वर्षं ज्या आकड्यांवर सुलक्षणा जीव टाकत होती, ज्यांच्यावर तिचा अख्खा प्रबंध उभा होता, ते उन्हाळे त्या थुंकीत भिजलेले होते. दहा मिनिटं थांबलं तर आकडा बरोबर येतो, हे तिला कळत होतं. तरी आतून शिसारी आली.

मग अक्का म्हणाल्या की आबा गेले त्या मेमध्ये त्या स्वतः लेकीकडे फैजपूरला होत्या. आबा दुपारीच फार्मवर गेले आणि पेटीपाशी पडले. सापडले तेव्हा फडकं त्यांच्या तोंडात होतं. थर्मामीटरवरून ओढून काढलेलं. त्यातलं पाणी चोखत असावेत.

"तोंडमा पानी नही पडनं त्यास्ना," अक्का म्हणाल्या. "तीच तहान शे ती."

त्या उठल्या. तांब्या भरायला आत गेल्या.

ओसरीवर सुलक्षणा आणि पंडितभाऊ दोघंच राहिले. तिनं विचारलं, ते तोंडातलं फडकं कुठं गेलं.



"मीच काढलं, मॅडम. साडेपाच होत आले होते. दुसरं फडकं नव्हतं. रीडिंग चुकायला नको, असं आबाच म्हणायचे." ते खाली बघत होते. "बाटलीत घोटभर पाणी होतं माझ्याकडे. त्यानं धुतलं आणि परत लावलं."

दुपारपासून घासघासून लाल झालेला आपला हात सुलक्षणानं पाहिला.

मग तिनं ते विचारलं, जे विचारायला नको होतं. फडकं काढलं तेव्हा आबा गेलेले होते ना?

"गेलेलेच होते," पंडितभाऊ म्हणाले. "मला तरी... तसंच वाटलं."

साडेपाचला तिघं पेटीपाशी होते. अक्कांनी पदर खोचला, दार उघडलं आणि ते घाणेरडं, लिबलिबित फडकं सरळ बोटांत धरलं. सुलक्षणानं तोंड फिरवलं. अक्का, हात लावू नका, घाण आहे, असं तिच्या तोंडून निघून गेलं.

अक्कांनी तिच्याकडे पाहिलं. राग नव्हता.

"घान कसानी वो माय. मना मानूसनं तोंड शे ते."

त्यांनी फडक्यावर तुळशीचं पान ठेवलं आणि तांब्या कलता केला. "प्या," म्हणाल्या. "हायूहायू प्या, घाई नही."

पाण्याची धार फडक्यावर पडत होती.

खाली काहीच पडत नव्हतं.

गटक्... गटक्... गटक्.

अख्खा तांब्या रिता झाला. खालची माती कोरडी ठणठणीत. शेवटी एक ढेकर आली, लांब, आंबट, आणि तो वास सुलक्षणाच्या थेट तोंडावर आला. ती पळत निंबापर्यंत गेली आणि पोटात नव्हतं तेही ओकली.

अक्का पदरानं थर्मामीटर पुसत होत्या. लेकराचं तोंड पुसावं तसा.

त्या दिवसापासून आकडे सुधारले. तेवीस, बावीस, पावसाळ्यात सव्वीस. पंडितभाऊ रोज साडेपाचला अक्कांना मोटरसायकलवर न्यायचे. हिवाळ्यात सुलक्षणानं प्रबंध दिला. आबांची एकतीस वर्षं तिनं ठेवली. नंतरच्या, सगळीकडे सदतीस असलेल्या वर्षापुढं लिहिलं, उपकरणातील दोष.

इथं संपलं असतं तर बरं होतं.

यंदा एप्रिलमध्ये अक्कांचे गुडघे गेले. लेक त्यांना फैजपूरला घेऊन गेली. आठवड्यानं पंडितभाऊंच्या पानाचा फोटो आला. सदतीस.

सुलक्षणानं त्यांना सांगितलं, तुम्हीच पाणी द्या. ते म्हणाले, दिलं. रोज देतो.

"माझ्या हातचं घेत नाहीत, मॅडम. सगळं खाली सांडतं."

मग मे लागला. सदतीस पॉइंट चार. अडतीस. एकोणचाळीस पॉइंट एक. ऊन लागून माणूस मरायला टेकतो तेव्हा अंगाचा ताप कसा चढत जातो, हे तिनं स्वतः प्रबंधात लिहिलेलं आहे.

मी तिला म्हटलं, मग तू का जात नाहीस? भीती वाटते?

ती मोरीतून तोंड पुसत आली. खाली बसली.

"भीती नाही गं ताई. तहानलेलं माणूस आहे, कळतं मला. पण ते फडकं बोटांत धरायचं म्हटलं की आतडी वर येतात. मला त्याची किळस येते. आणि आबा ते ओळखतील."



परवा पंडितभाऊंचा मेसेज आला. तिनं मला दाखवला. रजिस्टरचं पान, शेवटचा आकडा एकेचाळीस पॉइंट सहा. खाली एवढंच लिहिलेलं...

मॅडम, आवाज आता रस्त्यापर्यंत येतो.

तिनं उत्तर दिलेलं नाही. गेलेलीही नाही.