गॅरेजमध्ये शहाणी, रस्त्यावर वेडी

"लावा जोर," मामा म्हणाला, आणि तिघंही गाडीला मागून भिडली. चढावर ती पाचव्यांदा बंद पडली होती. चिमणीचा खांदा भरून आला होता, तिचा मामेभाऊ ढब्बू घामाने निथळत होता आणि त्याची धाकटी बहीण शेपूट ढकलत कमी आणि टेकत जास्त होती.

"सुट्टीत गाडीतून फिरवतो म्हणालास," चिमणी धापा टाकत म्हणाली. "इथे आम्हीच गाडीला फिरवतोय."

मामा हसला नाही. "आज शेवटचंच. पाचला भंगारवाला येतोय."

आजोबांची गाडी ती. "बाबा माझ्यापेक्षा तिलाच जास्त आंघोळ घालतात," असं ढब्बू म्हणायचा.

गॅरेजमध्ये मिस्त्रीकाकांनी नेहमीप्रमाणे टाकीचं झाकण काढून टपावर ठेवलं, पेट्रोलच्या नळीला दाबाचं मीटर जोडलं आणि इंजिन सुरू केलं. काटा हिरव्या पट्ट्यात ठाम.

"बघा, दाब चोख आहे. पंप बदलला, फिल्टर बदलला. इथे शहाण्यासारखी चालते आणि रस्त्यावर जीव टाकते. मी हात टेकले, साहेब."

मामा पायरीवर मटकन बसला. साडेचार झाले होते. चिमणीला रडूच फुटायला आलं. इंजिनातलं तिला ओ का ठो कळत नव्हतं.

तेवढ्यात शेपटीने टपावरचं झाकण घेऊन जमिनीवर घरंगळवलं.

"ठेव ते," मिस्त्रीकाका म्हणाले. "काम करताना टाकी उघडीच ठेवतो मी. पहिल्यापासूनची सवय."

चिमणी झाकणाकडे वळली. "आणि रस्त्यावर?"

"रस्त्यावर घट्ट बंद."

"मग इथेही बंद करून चालवूया की."

"झाकणाने काय होतंय, पोरी?"

"एवीतेवी पाचपर्यंत आपण काय करणार आहोत?"

झाकण लावलं. दहा मिनिटं झाली, वीस झाली. काटा ढिम्म. भंगारवाल्याचा टेम्पो दाराशी येऊन थांबला.

"गेली," ढब्बू पुटपुटला.

आणि काटा घसरला. आधी जरासा, मग भराभर. इंजिन खोकलं आणि बंद पडलं. चिमणीने झाकण फिरवलं, तर टाकीने फुस्सकन हवा आत ओढली.

मिस्त्रीकाकांनी झाकण उलटं केलं. मधल्या बारीक भोकात पांढरी पुट्टी घट्ट भरलेली होती.

"पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला नको? बिचाऱ्या पंपाने ओढायचं तरी किती? कुणाचा हा उद्योग?"

मामाने मान खाली घातली. "धुताना पाणी आत जाऊ नये म्हणून... मीच."

शेपटीच्या केसातल्या पिनेने भोक मोकळं केलं. झाकण लावूनही अर्धा तास काटा हलला नाही. मिस्त्रीकाकांनी मीटर काढून चिमणीच्या हातात ठेवलं. "तीस वर्षं टाकी उघडतोय मी. बंद करून बघायचं तुला सुचलं."

टेम्पोवाला कंटाळून आत आला. "साहेब, न्यायचं काय?"

मामाने जुना पंप त्याच्यापुढे धरला, मग पटकन मागे घेतला.

"नको. हाही चांगलाच होता."