ऊब अडली कुठे?

यंत्र म्हणत होतं, "ऊब चालू आहे. कृपया वाट पाहा." आणि आतली अंडी मात्र हाताला गार लागत होती.

शरयूने तिसऱ्यांदा विचारलं, "ऊब चालू आहे, तर मग तापमान सदतीसऐवजी एकोणतीस कसं?"

"तापमान एकोणतीस आहे. ऊब चालू आहे. कृपया वाट पाहा."

"किती वाट पाहू? सकाळपासून तेच करतेय."

"यंत्रात कोणताही बिघाड आढळलेला नाही," यंत्राने गोड आवाजात सांगितलं. त्या गोडव्याचाच शरयूला सगळ्यात जास्त वैताग आला.

ही गोष्ट आहे २०७१ सालची. उजनी जलाशयावर तेव्हा तरंगत्या घरांची एक वस्ती होती. भाज्यांचे वाफेही तराफ्यांवर तरंगायचे. गेल्या वर्षी रोगाची साथ आली आणि वस्तीतली सगळी बदकं गेली. गोगलगायी खाणारी बदकं गेली तशा त्या माजल्या. पालक म्हणू नका, मेथी म्हणू नका, रातोरात फस्त. शेवटी शरयूच्या आईने कोकणातून बदकांची चोवीस अंडी आणली आणि ती उबवणी यंत्रात (कोंबडी-बदकासारखी ऊब देऊन अंड्यांतून पिल्लं काढणाऱ्या पेटीत) ठेवली. पिल्लं बाहेर यायला अठ्ठावीस दिवस लागतात. आज सव्विसावा दिवस होता. आई इंदापूरला गेली होती, ती उद्या येणार होती, आणि अंडी तिने शरयूवर सोपवली होती.

पेटीसोबत एक जादा कॉइल (आतून वीज वाहिली की तापणारी तार) मिळाली होती. "गरम होत नाही म्हणजे कॉइलच गेली," असं ठरवून शरयूने प्लग काढला, झाकण उघडलं, जुनी कॉइल काढून नवी बसवली. दीड तास गेला. प्लग लावला, पंखा घरघरला, दिवा लागला.

"ऊब चालू आहे," यंत्र म्हणालं.

अंडी आणखी गार झाली होती.

शरयूने झाकण असं आपटलं की आतल्या खोलीतून अक्षताआत्या बाहेर आली. आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या एका अवकाशस्थानकावर तिने वीस वर्षं दुरुस्तीचं काम केलं होतं. तिथे कधी घसरली नाही, आणि परवा घरच्या धक्क्यावर शेवाळावरून घसरून उजवा हात मोडून घेतला. तेव्हापासून तिचा पारा चढलेलाच होता.

"मला न विचारता झाकण उघडलंस?"

"प्लग काढला होता, आत्या."

"प्लग काढायचा आणि शेजारी मोठं माणूसही हवं. दोन्ही. आणि कॉइल गेली हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मला वाटलं."

"वाटलं," आत्या म्हणाली आणि डोळे मिटून तिने एक लांब श्वास सोडला. "आधी अंडी बघ. टोपलीत गोधडी घाल, कडेने कोमट पाण्याच्या बाटल्या लाव. कोमट, उकळतं नव्हे. शेवटच्या दिवसांत पिल्लांची स्वतःचीही थोडी ऊब असते. दोनतीन तास तग धरतील. मग तपासाला बसू."

अंडी गोधडीत गेली. शरयू परत आली तेव्हा आत्याने डाव्या हाताने कागदावर एक वाकडंतिकडं वर्तुळ काढून ठेवलं होतं.

"वीज म्हणजे नळाचं पाणी नव्हे, एका टोकाने आलं आणि सांडलं. ती एका वाटेने जाते आणि दुसऱ्या वाटेने परत येते. ही पूर्ण फेरी म्हणजे परिपथ. फेरीत कुठेही फट पडली की सगळीकडचा प्रवाह थांबतो. आता सांग, यंत्रात काय चालतंय?"

"काहीच नाही."

"शरयू."

"पंखा चालतोय. दिवा लागतोय. ते बोलतंयसुद्धा, दुर्दैवाने."

"मग प्लग, मोठी वायर, आतला फ्यूज?"

शरयूने विचार केला. वीज आत आल्याशिवाय पंखा फिरला नसता. "ते ठीक आहेत."

"म्हणजे न उघडताच अर्धं यंत्र तपासून झालं. हे तू दीड तासापूर्वी करायचं होतंस. आत गेल्यावर विजेला दोन फाटे फुटतात. एक पंखा-दिव्याचा, दुसरा उबेचा. घोळ दुसऱ्यात आहे."

"पण यंत्र तर म्हणतंय ऊब चालू आहे."

"यंत्र खोटं बोलत नाही, अर्धं बोलतं. त्याची चिप फक्त हुकूम सोडते, 'ऊब चालू कर'. तो ऐकून एक खटका पडतो, टक्. तू ऐकलास ना? त्याच्या पुढे वीज खरंच कॉइलपर्यंत पोचली का, हे ती बघतच नाही. वर तोऱ्यात सांगते, चालू आहे म्हणून. असे साहेब मी वर बरेच पाहिलेत."

आत्याने तिला एक साधन बनवायला लावलं. बंद पडलेल्या खेळण्यातला बझर (वीज मिळाली की पिऽऽ करणारी चकती), एक बॅटरी आणि दोन वायरी. दोन वायरींची टोकं एकमेकांना टेकवली की बझर वाजायचा. मध्ये कुठलाही अखंड रस्ता जोडला तरी वाजायचा. रस्त्यात फट असली की गप्प.

"आता प्लग काढ. काढलास? उचलून दाखव मला. हा बझर फक्त वीज तोडलेल्या वस्तूवर चालवायचा, नाहीतर बझरही जाईल आणि तूही. हं. खटक्यापासून परतीच्या टोकापर्यंत किती तुकडे आहेत ते मोज."

शरयूने मोजले. वायर, जोड, वायर, पितळी बटणाची एक डबी, वायर, कॉइल, वायर आणि शेवटचा जोड. आठ. ती पहिल्या वायरीला टोक लावायला गेली.

"तिथून का?"

"पहिली आहे म्हणून."

आत्याने कपाळावर हात मारला. प्लॅस्टरचा हात लागला, त्यामुळे ती आणखीच चिडली. "स्थानकावर एकदा चौसष्ट जोडांची लाइन बंद पडली. माझा सहकारी एका टोकापासून निघाला. हवा संपत आली तरी तो एकोणिसाव्यावरच. मी बरोबर मध्यावर तपासलं. एक अर्धं चांगलं निघालं, ते सोडलं. उरलेल्याचं पुन्हा अर्धं. सहा वेळा तपासलं आणि सापडलं. तुझे आठ आहेत."

शरयूने बोटांवर मोजलं. आठाचे चार, चाराचे दोन, दोनाचा एक. "तीनदा."

"बैस मग."

तिने एक टोक मधोमध, डबीच्या पलीकडे लावलं आणि दुसरं परतीच्या जोडाला. पिऽऽ. म्हणजे शेवटचे चार तुकडे चांगले. त्यात कॉइलही आली. तिने जुनी कॉइल उचलली, तिलाही बझर लावला. पिऽऽ.

"बिचारी धडधाकट होती," शरयू हळूच म्हणाली. आत्याने उरलेल्या चार तुकड्यांकडे बोट दाखवलं.

दुसरी तपासणी, पहिले दोन तुकडे. पिऽऽ. तिसरी, नुसती मधली वायर. पिऽऽ. उरली पितळी बटणाची डबी. खात्रीसाठी तिने दोन्ही टोकं डबीलाच लावली. शांतता.

"सापडलं," शरयू म्हणाली. "हिला वगळून वायर सरळ जोडून टाकू? पाच मिनिटांत होईल."

"आणि घर पेटलं की? तो उष्णतारक्षक आहे. आत प्रमाणाबाहेर तापलं की तो स्वतःच रस्ता तोडतो. तो बिघडलेला नाही, त्याने आपलं काम केलंय. पहारेकऱ्याने दार लावलं म्हणून पहारेकऱ्यालाच हाकलायचं नसतं. दार का लावलं ते विचार."

"पण अंडी तर गार पडली. जास्त तापलं कुठे?"

पहिल्यांदाच आत्याच्या आवाजातला वैताग थोडा उतरला. "हा चांगला प्रश्न आहे. कॉइलची गरम हवा अंड्यांपर्यंत कोण नेतं?"

"पंखा." शरयूने पंख्यामागची जाळी ओढून काढली. जाळीवर धुळीचा आणि बारीक तंतूंचा जाड थर साचला होता. पंखा फिरत होता, पण हवा पुढे सरकत नव्हती. कॉइलजवळ भट्टी झाली असेल, रक्षकाने रस्ता तोडला असेल, आणि अंडी दोन वीत अंतरावर गार पडत गेली असतील.

"दर चार दिवसांनी जाळी पुसायची होती," ती म्हणाली. "आईने मला सांगितलं होतं. मी एकदाही पुसली नाही."

शरयूने बोलणी खायची तयारी केली होती. आत्या म्हणाली, "आता पूस."

जाळी स्वच्छ झाली. डबीवरचं पितळी बटण दाबल्यावर बारीक आवाज आला. बझर लावला. पिऽऽ. झाकण बंद केलं, आत्याने ते स्वतः नीट पाहिलं आणि मगच प्लग लावायला सांगितलं. आकडा आता सव्वीसवर उतरला होता, तिथेच बसून राहिला. मग सत्तावीस झाला. सदतीस व्हायला चाळीस मिनिटं लागली. तेवढ्या वेळात दोघींपैकी कुणीही उठलं नाही. मग शरयूने अंडी गोधडीतून काढून परत पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी आई आली तेव्हा शरयूने सगळं सांगितलं, जाळीसकट. आईने वाकून यंत्रावरचा आकडा पाहिला. पिल्लं एक दिवस उशिरा आली. चोवीस अंड्यांतून एकोणीस.

त्या पाचांचं शरयूला वाईट वाटत राहिलं. तिने कागद घेतला आणि उबेच्या फाट्यात एक जादा वायर काढली. कॉइलमधून प्रवाह खरंच गेला की नाही, हे ती वायर चिपला उलट कळवणार होती. प्रवाह नसेल तर यंत्राने 'वाट पाहा' म्हणायचं नाही, 'रस्ता तुटलाय, मदत करा' म्हणायचं. आत्याने त्यात चार चुका काढल्या. शरयूने त्या कुरकुरत सुधारल्या. आईने तो कागद यंत्र बनवणाऱ्यांकडे पाठवून दिला.

आठव्या दिवशी पिल्लांना पहिल्यांदा परातीतल्या उथळ पाण्यात सोडलं. ती सरळ पोहायला लागली. कुणी त्यांना काहीही सांगितलं नव्हतं.

"यांचं बरं आहे," शरयू म्हणाली. "यांना आत्या नाही."

अक्षताआत्याने डाव्या हाताने तिच्या पाठीत एक धपाटा घातला आणि म्हणाली, "हाताचं प्लॅस्टर सुटलं की पंखा उघडू. त्यात काय काय आहे ते तुला अजून कुठे माहीत आहे."