वैनगंगेतला उंट

आमच्या ह्यांना मुलांना वाळवंट दाखवायचं होतं! आमचं गाव ब्रह्मपुरीजवळ. सगळीकडे धान, तळी आणि जंगल. वाळवंट आणायचं कुठून? पण चोपन्न सालच्या उन्हाळ्यात वैनगंगा पार आटली, कोसभर वाळू उघडी पडली आणि ह्यांना, म्हणजे शाळेच्या गुणवंतराव गुरुजींना, मोहीम सुचली. पाच मुलं, आम्ही दोघं आणि एक उंट. उंट म्हणजे शेजारच्या लटारूभाऊंकडून मागून आणलेला हल्या! त्या रेड्याच्या पाठीवर तणसाचं, म्हणजे धानाच्या पेंढ्याचं, पोतं बांधून गुरुजींनी कुबड केलं, दोन्ही अंगांना पाण्याच्या घागरी लटकवल्या. "सारी लेकरं सुखरूप आनतो," असा शब्द त्यांनी आयांना दिला. शब्द द्यायला ह्यांचं काय जातं, निस्तरते मी!

सकाळी सगळं झकास होतं. "पाहा, वारा जिकडून येते तिकडं वाळूच्या टेकडीचा चढ सोपा," गुरुजी सांगत होते. "अन् पलीकडं वाळू घसरते, म्हनून तिकडं उभा उतार!" मुलं त्या उतारावरून घसरली. मग धोतर सावरत गुरुजीही घसरले. पाय भाजायला लागले, ओळखीचा घाट दिसेनासा झाला, तरी सर्वांत उंच टेकडी सर करायचीच, हा त्यांचा हट्ट.

तेवढ्यात हल्या थबकला. नाक वर केलं. आणि सुटला!

"अजी, धरा त्याले!" मी ओरडले. गुरुजींनी कासरा धरला आणि पोटावर फरफटत गेले! एक घागर फुटली. दुसरीही फुटली! पाणी वाळूत जिरलं आणि हल्या कुबडासकट वळणापलीकडे गेला.

सूर्य डोक्यावर. सावली कुठेच नाही. पाचांतल्या सर्वांत धाकट्या मंगलीच्या घशाला इतकी कोरड पडली की तिचं रडणंही थांबलं. तेव्हा माझा राग पळाला आणि मला खरंच भीती वाटली. गुरुजी टाचा उंचावून घाट शोधू लागले.

"गुरुजी," कनीजची लेक नूरी म्हणाली, "नदी वळते तिथी बाहेरचा काठ खनते अन् आतल्या अंगाले वाळू टाकते, तुमीच शिकवलं ना? मंग खोल पानी बाहेरच्या अंगालेच असन! हल्याचे खूरबी तिकडंच गेले!"

गुरुजींनी मंगलीला खांद्यावर घेतलं. पळा! वळणाच्या बाहेरच्या अंगाला उंच दरड आणि तिच्या पायथ्याशी डोह! मधोमध हल्या, नुसती शिंगं आणि कुबड वर!

"मरूद्यान!" गुरुजी गरजले.

डोह हल्यानं गढूळ करून ठेवला होता. म्हणून आम्ही काठच्या वाळूत हातांनी झिरा खणला. वाळूतून गाळून आलेलं थंडगार पाणी मंगली ओंजळीनं प्याली आणि हसली. माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू!

गुरुजींची नजर पुन्हा त्या टेकडीकडे वळली. मी ह्यांच्याकडे नुसतं पाहिलं.

"जाऊ द्या," ते पुटपुटले. "पुरात वाहूनच जानार हाय थे."

ऊन उतरेपर्यंत आम्ही दरडीच्या सावलीत बसलो, मग हल्याला कसंबसं बाहेर काढून काठाकाठानं घरी निघालो. दिवेलागणीला गावात शिरलो, तर आया शिव्यांची तयारी करून वेशीवरच उभ्या!

"काऊन वं, दिवसभर काय दाखवलं गुरुजीनं?" कनीजनं नूरीला दटावलं.

"वाळवंट, अम्मी!" नूरी पोट बडवत म्हणाली. "पोटभर पानी पेलो!"