बीकन वाजलं नाही

खोटं सांगून मला काय मिळणार? माझा धाकटा भाऊ कर्डिन आज जिवंत आहे, आणि तो कसा वाचला हे मला अजून नीट कळलेलं नाही.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. एंगाडीनच्या खोऱ्यात, आमच्या गावाच्या वर डोंगरात एक झोपडी आहे. सकाळी स्कीवरून खिंडीकडे जायचं म्हणून तिथे आम्ही दोघंच मुक्कामाला होतो. रात्रभर बर्फ पडला, वर वारा. सकाळी रेडिओवर हिमस्खलनाच्या धोक्याची पातळी पाचपैकी तीन सांगितली.

"तीनच ना? चार तर नाही!" कर्डिन म्हणाला.

दार उघडलं, तर बाहेर एक माणूस स्की चढवून तयार. पन्नाशीचा.

"मीही खिंडीकडेच निघालोय," तो म्हणाला. "वाट माझ्या पायाखालची आहे."

हा आला कुठून? त्याच्या कपड्यांवर बर्फाचा कणही नव्हता.

मी कर्डिनच्या कानात तसं म्हटलं, तर तो हसला. "सेराइना, तू तर कॉफीतल्या साखरेवरही संशय घेशील!"

निघण्याआधी आमच्याकडे बीकन तपासतात. बर्फाखाली गाडलं गेलं तर माणूस सापडावा म्हणून छातीवर बांधतात, ते यंत्र. एरवी ते सतत संकेत पाठवत असतं; मी माझं दुसऱ्यांचे संकेत ऐकायला लावलं आणि उभी राहिले.

कर्डिन समोरून गेला.

पिप्... पिप्...

मग तो माणूस गेला...

काहीच नाही.

"काका, तुमचं बीकन बंद आहे."

"थंडीनं होतं असं," तो म्हणाला आणि पुढे निघालाही. मला त्याचा रागच आला.

तासाभराने आडवा, तीव्र उतार लागला. असा उतार एकेकानेच ओलांडायचा. तो आधी गेला. तेवढ्यात धुकं आलं... विरलं, तेव्हा तो पलीकडे उभा होता.

"या! पक्का आहे बर्फ!"

माझ्या मनात पाल चुकचुकली. मी पुन्हा बीकन ऐकायला लावलं.

पडद्यावर दोन माणसं. एक अगदी जवळ, म्हणजे कर्डिन.

आणि दुसरं...

बाण पलीकडे नव्हताच. तो खाली घळीकडे होता.

"कर्डिन, थांब! हे बघ."

"बिघडलंय ते," म्हणत तो उतारावर चढलासुद्धा.

तेव्हा मला दिसलं. कर्डिनच्या पुढे सगळा उतार कोरा होता. त्या माणसाच्या स्कीची एक रेघही नव्हती.

"मागे फिर! आईची शपथ आहे तुला, मागे फिर!"

शिव्या घालत तो वळला. माझ्यापाशी पोचतोय तोच बर्फाच्या पोटात धप्प असा आवाज झाला... आणि अख्खा उतार घळीत गेला.

कर्डिन माझा हात धरून लहान मुलासारखा रडला. मीही रडले.

पलीकडे तो उभाच होता. हात हलवत.

"या... या की..."

बचाव पथकाने घळ दोन दिवस पालथी घातली. कुणी सापडलं नाही. गावातलं कुणी बेपत्ताही नव्हतं.

या हिवाळ्यात आम्ही पहिल्यांदा निघालो. मी बीकन ऐकायला लावून, मान खाली घालून उभी राहिले. कर्डिन समोरून गेला. पिप्... पिप्...

मग त्याच्या मागोमाग आणखी एक स्कीची जोडी करकरत गेली...

बीकन गप्प.

मी मान वर केली नाही. "कर्डिन, घरी चल," एवढंच म्हटलं.

या वेळी तो हसला नाही. निमूट माझ्या मागे आला.