आडोशाचा ठराव

गवंड्याने पहिली वीट काढली आणि त्या भोकातून प्रियलला जे दिसलं, ते एखाद्या सरळमार्गी मुलीने बघावं असं मुळीच नव्हतं. खाली शेजारच्या विहिरीवर एक तरुण अर्ध्या चड्डीवर उभा होता. डोक्यापासून छातीपर्यंत साबणाचा फेस, डोळे घट्ट मिटलेले, आणि दोन्ही हातांनी तो हवेत काहीतरी चाचपत होता.

"आत्या, बादली कुठे गेली?"

इथे गप्प बसायला हवं होतं. पण प्रियलच्या जिभेला हाड नव्हतं.

"डाव्या हाताला," ती म्हणाली.

"थँक्यू." त्याने बादली उचलली, डोक्यावर ओतली… आणि मग त्याच्या ध्यानात आलं, की आत्याचा आवाज असा वरून येत नाही. त्याने मान वर केली. भिंतीतल्या एका विटेएवढ्या भोकात एक डोळा आणि अर्धं नाक दिसत होतं.

"तुम्ही कोण?"

"शेजारीण. खिडकी पाडून घेतेय."

"बरं… मग मी पाठमोरा होऊ का?"

"आता काय उपयोग," प्रियल म्हणाली, आणि स्वतःच्याच बोलण्याने तिचे कान तापले.

कळंबच्या रस्त्यावरच्या एका गावातली ही गोष्ट. साल दोन हजार तीन, नोव्हेंबर महिना. प्रियलचे पपा आल्बर्ट पोस्टातून निवृत्त झाले आणि त्यांनी इथलं हे जुनं माडीचं घर घेतलं, त्याला चार वर्षं होत आली होती. माडीवर बसून प्रियल नवरीचे लग्नाचे गाऊन शिवायची. हातात अशी सफाई, की पार विरारहून मुली यायच्या. पण माडीला धड खिडकी नव्हती. भरदुपारी ट्यूबलाइट लावावी लागायची, आणि तिच्या उजेडात पांढरं आणि मोतिया एकच दिसायचं. गेल्या मोसमात एका नवरीच्या पांढऱ्या गाऊनला मोतिया बाह्या लागल्या. ते कळलं कधी, तर चर्चच्या अंगणात, लख्ख उन्हात, फोटोवाला समोर उभा असताना. नवरी रडली, तिची आई नको ते बोलली, आणि प्रियलची कामं निम्म्यावर आली. आता फेब्रुवारीत, उपवासकाळ लागून लग्नं थांबायच्या आत, तीन गाऊन द्यायचे होते. यातला एक जरी बिघडला असता, तर ही माडी बंद करून कुठल्यातरी कारखान्यात शर्टाच्या कॉलरी शिवायला जावं लागलं असतं. म्हणून तिला खिडकी हवी होती, आणि तीही उत्तरेची. ऊन आत येत नाही, नुसता उजेड येतो.

आणि तो साबणवाला म्हणजे शेजारच्या बर्थामावशींचा भाचा, फेबियन. आईबाप लहानपणीच गेले, आत्यानेच त्याला वाढवलं. सहा वर्षं कुवेतला एसी दुरुस्त करून आदल्याच दिवशी तो कायमचा घरी आला होता. घरात टाइल्सचं न्हाणीघर असताना हा विहिरीवर का, तर सहा वर्षं टाकीचं कोमट पाणी अंगावर घेऊन जीव विटला होता, म्हणे.

हा सगळा प्रकार बर्थामावशींनी स्वयंपाकघराच्या दारातून पाहिला. दुपारी त्या पंचायतीत हजर. ग्रामसेवक विलास, ज्यांना सगळं गाव भाऊसाहेब म्हणतं, ते मूळचे देशावरचे, विरारच्या मनवेलपाड्याहून रोज स्कूटरवर यायचे. त्यांनी कपाट उघडून एकोणीसशे अठ्ठावन्न सालचा ठराव शोधून काढला. शेजाऱ्याच्या विहिरीकडे तोंड करून कोणीही माडीला खिडकी ठेवू नये, स्त्रियांचा आडोसा जातो. पंचेचाळीस वर्षांत विहिरींवर मोटारी बसल्या, घराघरात न्हाणीघरं झाली, पण ठराव कोणी रद्द केला नव्हता. भाऊसाहेब कागदाला देव मानणारे. त्यांनी लेखी कळवलं, की विषय जानेवारीच्या ग्रामसभेत ठेवू, तोवर परिस्थिती जैसे थे.

जैसे थे म्हणजे काय, तर भोक बुजवायचं नाही आणि वाढवायचंही नाही. गवंडी हत्यारं उचलून गेला, आणि भिंतीत एका विटेएवढा उजेड तेवढा राहिला.

त्या उजेडाला प्रियलने अस्तराचा तुकडा टांगला. दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता खालून खाकरण्याचा आवाज आला.

"शेजारीण… पडदा लावलाय की नाही ते इथून कळत नाही. सुरू करू?"

"लावलाय."

"मग तुम्हाला माझा शर्ट दिसत नसेल."

तिने पडदा बाजूला केला. फेबियन पूर्ण बाह्यांचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून, अंगावर पाणी ओतत होता. प्रियल इतकी हसली की सुई बोटात गेली.

मग ते रोजचंच झालं. तो आंघोळीला यायचा, ती टाके घालायची, आणि गप्पा त्या भोकातून वरखाली जायच्या. कुवेतच्या उन्हाच्या, तिथे एकट्याने काढलेल्या नाताळांच्या, तिच्या फसलेल्या बाह्यांच्या. बाह्यांची गोष्ट ऐकून तो हसला नाही. म्हणाला, की त्याने एकदा चुकीची वायर जोडून अख्ख्या हॉटेलातली थंडी घालवली होती. त्या दिवशी प्रियलला तो फार आवडला. शिवता शिवता ती सात वाजायची वाट बघू लागली, आणि आपण वाट बघतोय हे लपवायलाही विसरू लागली.

डिसेंबरच्या अखेरीस तिने सरळ विचारलं. "तुम्ही मावशींशी बोलाल? तक्रार मागे घ्या म्हणून?"

तो बादलीकडे बघत राहिला. "आत्याने मला वाढवलंय, प्रियल. तिच्या शब्दाबाहेर… मला जमेल असं वाटत नाही."

"रोज सकाळी वर बघायला मात्र जमतं," ती म्हणाली आणि भोकात उशी कोंबली. डोळ्यांत पाणी आलं, ते मोतिया कापडावर पडू नये म्हणून ती मशीनपासून उठून गेली.

आठ दिवस उशी हलली नाही. नवव्या दिवशी मात्र तिने कंबर कसली. भाच्याला जमत नसेल तर मी बोलेन. सकाळी ती बर्थामावशींच्या दारात उभी राहिली आणि म्हणाली, की मावशी, भांडायला आले नाही, वरून काय दिसतं ते तुमच्या डोळ्यांनी एकदा बघा. मावशी गुडघे धरत, पुटपुटत माडी चढल्या. प्रियलने उशी काढली. मावशींनी भोकाला डोळा लावला, तोच खालून आवाज आला.

"शेजारीण… उशी काढली म्हणजे राग गेला ना? आठ दिवस दोनदोनदा आंघोळ करतोय. सर्दी झालीय. औषध कोण देणार?"

"मी देते," मावशी वरून म्हणाल्या. "थांब, खाली येते."

बादली धाडकन पडली. प्रियलने तोंडात पदराऐवजी हातातलं अस्तरच कोंबलं.

मावशी लगेच खाली गेल्या नाहीत. त्या स्टुलावर बसल्या, ट्यूबलाइटखाली पडलेले दोन तुकडे उचलून बघत राहिल्या. पांढरा कुठला आणि मोतिया कुठला, ते त्यांनाही सांगता येईना.

"इथंच खिडकी होती," त्या भिंतीवर हात ठेवून म्हणाल्या. "तेव्हा सगळ्या वाडीच्या बाया आमच्या विहिरीवर पानी घ्यायच्या, तिथंच आंघोळी. आनि ह्या माडीवर पोरं बघत उभी ऱ्हायची. माझी आई तेरा बायांना घेऊन पंचायतीत जाऊन बसली, ठराव झाल्याशिवाय उठली नाय. तो मी कसा मोडू, सांग?"

प्रियलला हे ठाऊक नव्हतं. ठराव म्हणजे कुणातरी म्हाताऱ्याचा हट्ट असंच तिने धरलं होतं. ती म्हणाली, "तुमच्या आई बायकांसाठी भांडल्या, मावशी. मग मी अंधारात बसते, ती कोणासाठी?"

मावशी हातातले तुकडे मशीनवर ठेवून जिना उतरून गेल्या.

यंदा ग्रामसभेआधी बायकांची वेगळी सभा घ्या, असा वरून आदेश होता. पंचवीस जानेवारीला शाळेच्या वर्गात साठ-सत्तर बाया जमल्या. खिडकीचा विषय निघाला आणि प्रियल बोलायला उठणार, तेवढ्यात बर्थामावशीच उभ्या राहिल्या.

"हा ठराव माझ्या आईनं करून घेतला," त्या म्हणाल्या. "तिला पोरींच्या अंगाची लाज राखायची होती, पोरींचा उजेड अडवायचा नव्हता. विहिरीवर आता बाई आंघोळ करत नाय. आईनं केला, मी काढते. हात वर करा." एकही हात खाली राहिला नाही. प्रियल रडली, आणि या खेपेला तिने ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी झेंडावंदन झाल्यावर पंचायतीसमोर ग्रामसभा बसली. बायकांचा ठराव वाचला गेला. एका पंचाने शंका काढली, की अजून कोणी विहिरीवर आंघोळ करत असेल तर त्याच्या आडोशाचं काय? सरपंचांनी विचारलं, आहे का असं कोणी? सगळ्या गावाच्या माना एकदम फेबियनकडे वळल्या.

तो उठला. आधी आत्याकडे बघितलं. आत्याने डोळ्यांनीच, बोल म्हणून खुणावलं. मग तो जे बोलला, ते प्रियलला नीट ऐकूच आलं नाही, कारण तिचं काळीज कानांत धडधडत होतं. टाळ्या तेवढ्या ऐकू आल्या. बाया पदरात तोंड घालून हसत होत्या, आणि पपा झेंड्याकडे अशा निष्ठेने बघत होते की जणू त्यांनी काही ऐकलंच नाही. जुना ठराव रद्द झाला. खिडकी मंजूर झाली.

"निवेदन वाचून दाखवतो," भाऊसाहेब म्हणाले, आणि त्यांनी नेहमीच्या सपाट आवाजात वाचलं. "श्री. फेबियन यांनी निवेदन केले की, गावात विहिरीवर आंघोळ करणारे ते एकटेच आहेत. सदर खिडकीतून कु. प्रियल यांनी पाहिल्यास त्यांची हरकत नाही. किंबहुना त्यांनी आयुष्यभर पाहावे, अशी त्यांची नम्र विनंती आहे." त्यांनी चष्मा वर केला. "याची नोंद घ्यायची तर अनुमोदक लागतो. कोणी आहे का?"

फेबियन प्रियलकडे बघत उभा होता. या वेळी त्याच्या अंगावर ना फेस होता, ना मध्ये भिंत, आणि तो चांगलाच घाबरलेला दिसत होता. प्रियल उठली.

"अनुमोदन… माझं."

भाऊसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव मोठ्याने सांगा. मागे ऐकू जात नाही."

तिने मोठ्याने सांगितलं.