ड्रोन घरी आला

"आज तो सुटता कामा नये!" प्रोफेसर सायकलीच्या हॅंडलवर वही आपटत म्हणाला.

"वहीला बडवून ड्रोन पडणार आहे का?" ढोलूने विचारलं. या टोपणनावांच्या शाळकरी टोळीतली तिसरी, बटण, मात्र हसली नाही. गेल्या पंधरा दिवसांत ती फारशी हसलीच नव्हती.

बटणचे बाबा तुरुंगात पहारेकरी. पंधरा दिवसांपूर्वी बराकीत तीन मोबाईल सापडले. फाटकावर त्या आठवड्यात बाबाच होते, म्हणजे फोन त्यांनीच आत सोडले, असा निकाल लावून जेलरसाहेबांनी त्यांना घरी बसवलं. सगळ्यांनी फाटक तपासलं, कुलपं तपासली. मान वर करून बघायचं मात्र एकाही शहाण्याला सुचलं नाही! बाबा आता रोज सकाळी बूट पॉलिश करायचे आणि पुन्हा कपाटाखाली ठेवून द्यायचे. 

तुरुंगाच्या भिंतीवरून आत जाणारा ड्रोन पहिल्यांदा दिसला तो सुट्टीत जवळच्या पाण्याच्या टाकीवर चढलेल्या ढोलूला. तेव्हापासून प्रोफेसरची वही भरत होती. सोमवारी तीन चाळीस. बुधवारी चार दहा. वेळा वेगळ्या, पण बटणने त्या एका झटक्यात ओळखल्या. पहारा बदलायच्या वेळा! घरी फ्रीजवर बाबांनी चिकटवलेला पहाऱ्याच्या वेळांचा महिन्याचा कागद अजून तसाच होता.

"तो कागद बाहेरच्यांना दाखवत नाहीत," ती म्हणाली.

"म्हणजे चोर कुणातरी पहारेकऱ्याच्याच घरातला!" ढोलू ओरडला.

"कुणाच्याही घरातला असू दे, मी सोडणार नाही त्याला!" बटण म्हणाली.

"पेपरात आलंय," प्रोफेसरने चष्मा सारखा केला. "ड्रोनने गुन्हे करणाऱ्यांसाठी नवा कायदा करणार आहेत. पण पकडायचा कसा?"

"रिमोटवरची परतीची कळ दाबली की ड्रोन निघाला तिथेच परततो. दादाने शिकवलंय मला." बटणचा दादा लग्नाचं शूटिंग करायचा, ड्रोनसुद्धा उडवायचा. "आपण फक्त मागे जायचं."

"मग दादालाच घेऊ की बरोबर!" ढोलू म्हणाला.

"त्याचं आज शूटिंग आहे रे."

तीन वाजून दहा मिनिटांनी टाकीवरून ढोलूची शिट्टी वाजली. भिंतीपलीकडे दोरीवरचं पुडकं सोडून ड्रोन वळला होता! बटणने सायकल अशी दामटली की प्रोफेसर पहिल्याच चौकात मागे पडला. बेकरी गेली, लाँड्री गेली, दवाखाना गेला. ड्रोन डावीकडे वळला, तीही वळली. अरे, ही तर आपलीच गल्ली! कुणाचं घर असेल? कोपऱ्यावरच्या काकांचं? ड्रोन काकांचं घर ओलांडून पुढे गेला आणि अलगद तिच्याच गच्चीवर उतरला.

ती धावत जिना चढली. दादा खाली बसून ड्रोनची दोरी सोडवत होता.

"बटण... ऐक ना. दोन-चार वेळाच करणार होतो. पैसे मिळत होते, कॅमेरा घ्यायचा होता. बाबांवर आळ येईल असं मनातसुद्धा नव्हतं गं."

"आल्यावर तरी बोलायचं होतंस! ते रोज बूट पुसतात, दिसत नाही तुला?"

"मला काय करणार आहेत? तो कायदा अजून झालाय कुठे?"

"बाबांना घरी बसवायला कुठला नवा कायदा लागला होता?"

 खालून प्रोफेसरची धापा टाकत हाक आली, "सापडला का गं?"

नाही म्हणायला एक क्षण पुरला असता. लहानपणी सायकल शिकवताना मागून धरून धावणारा दादा तिच्यासमोर बसला होता. तिला रडू आवरेना.

"सापडला!" ती ओरडली. मग दादाला म्हणाली, "बाबांना तू सांग. मला नाही जमणार."

दादाने सांगितलं.  बाबांनी कपाटाखालचे बूट काढून घातले, दादाच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्याला पायीच पोलीस चौकीवर नेलं.

चार दिवसांनी जेलरसाहेब स्वतः घरी आले. "शाब्बास रे पोरांनो! आम्ही मोठे चुकलो. तुरुंगात फोन टाकणं आजच्या कायद्यानेही गुन्हाच आहे. नवा व्हायचा तेव्हा होईल, पण ही वही मी वरच्या साहेबांकडे पाठवतोय." बाबांची त्यांनी माफी मागितली. ढोलूने छाती फुगवली. बटण आईला बिलगून उभी होती. आईने सवयीने मांडलेलं चौथं ताट तिला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी बाबा कामावर निघाले. दादा आता त्याच भिंतींच्या आत होता. दोघं समोरासमोर येऊ नयेत म्हणून साहेबांनी बाबांना मागचं फाटक दिलं होतं.

"रविवारी भेटायला देतात," बाबा बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले. "येशील? तुझ्यावर रागावलाय की काय, कोण जाणे."

"रागावू दे," बटण डोळे पुसत म्हणाली. "मी येणार. सुटला की त्याला घरी आणायचं आहे ना!"

बाबांनी तिला जवळ घेतलं. मग बापलेक दोघंही रडले.