पट्टा सोडा, दार लोटून ठेवा

बेटावर येणाऱ्या-जाणाऱ्यांना मी दर हिवाळ्यात तेच सांगते. समुद्र गोठला, वर मोटारी धावू लागल्या, की पाहुण्यांना वाटतं, हा काय, रस्ताच आहे! रस्ता नाही. म्हणून गाडीत सीटचा पट्टा बांधायचा नाही. दारं नुसती लोटून ठेवायची, घट्ट लावायची नाहीत. बर्फ फुटला तर बाहेर उडी मारता आली पाहिजे. आणि मधे थांबायचं नाही, उभ्या गाडीखाली बर्फ खचतो. हे ऐकताना शहरातले लोक हसतात. हसू देत.

सार्ना बेटाच्या किनाऱ्यावर, या बर्फाच्या रस्त्यावर नजर ठेवायची माझी टपरी आहे. पलीकडच्या किनाऱ्यावरून काल्यू एकेक गाडी बर्फावर सोडतो.

त्या दिवशी बर्फावर पाणी दिसू लागलं होतं. अंधार पडायच्या आत रस्ता बंद होणार होता आणि माझी लेक लीलो त्याच रस्त्याने घरी येणार होती. मला तिच्या गाडी चालवण्याची काळजी नव्हती, तिच्या स्वभावाची होती. आमच्या बेटावर पायी चालणाऱ्याला मागे टाकून कुणी जात नाही, आणि लीलो तर मुळीच नाही.

दुपारी एक पाहुणा गाडीतून उतरला तो कुरकुरतच.

"बाई, तो चालत येतोय तो तुमचा माणूस का? ओलाचिंब आहे. हात करत होता. तुम्हीच थांबू नका म्हणता, म्हणून नाही थांबलो."

मी वायरलेसवर काल्यूला विचारलं, "चालत कुणाला सोडलंस?"

"मी? मायमू, अशा बर्फावरून माझं कुत्रंसुद्धा चालत यायचं नाही. कॉफी कमी पी जरा."

मी दुर्बीण लावली. पांढरा सपाट बर्फ, रस्त्याच्या खुणेसाठी रोवलेल्या सूचिपर्णी झाडांच्या फांद्या. माणूस नव्हता.

मग एक जोडपं आलं. बाई म्हणाली, "हात नव्हता करत. गाडीच्या मागच्या सीटकडे बघत होता."

त्यांच्यामागून पावाची गाडी आली. एल्मार आमच्याच बेटावरचा, एरवी टपरीशी थांबून माझी थट्टा केल्याशिवाय पुढे जात नाही. आज त्याने काचही अर्धीच खाली केली.

"धावत होता, मायमू. गाडीच्या बरोबरीने. माझं मागचं दार साखळीने बांधलेलं असतं, म्हणून बरं."

मी वायरलेस उचलला. "काल्यू, लीलोला सोडू नकोस!"

"निघाली की ती मघाशीच."

मी फोन लावला. "लीलो, कुणीही दिसलं तरी थांबायचं नाही."

"आई, नियम पाठ आहेत मला."

"शपथ घे माझी."

"दिसतोय गं एकजण. कुडकुडतोय बिचारा..."

"लीलो!"

"बरं, बरं! पट्टा सोडलाय, दारं लोटलीत, थांबत नाही. झालं समाधान?"

फोन कट झाला. मी टपरीबाहेर उभी राहिले. भीती वाटत होती, देवाचं नाव घेत होते.

दिवे दिसले. एकाच वेगाने येत होते, कुठेही अडखळले नाहीत.

लीलो उतरली, मी तिला मिठीच मारली. रडू आवरेना.

"नाही थांबले हं. जिवावर आलं होतं, पण नाही थांबले. आरशात पाहिलं तर दिसेनासाच झाला."

"शहाणी माझी बाय."

"चल, भूक लागलीये. राय धान्याची भाकरी आहे ना घरी?"

तिच्या गाडीचं मागचं दार लोटलेलंच होतं. मीच सांगते ना सगळ्यांना. आता जमिनीवर आलोय, नीट लावून घ्यावं म्हणून मी ते उघडलं.

सीट भिजली होती. खाली पाणी साचलं होतं.

सीटवर कुणी नव्हतं.

पट्टा मात्र लावलेला होता. रिकाम्या जागेवर, कुणाच्या छातीवरून जावा तसा पुढे ताणलेला.

मी हात घालून कळ दाबली.

पट्टा सुटला नाही. तो सावकाश वर आला आणि पुन्हा खाली गेला.